गोल्फ ड्रायव्हर निवड, ताशी ८५ मैलांच्या स्विंगसाठी: कामाच्या नोंदी

पुण्यातल्या एका नवशिक्या गोल्फ खेळाडूसाठी ड्रायव्हर (सर्वांत लांब मारायचा क्लब, म्हणजे काठी) निवडून, कापून, जुळवून देण्याचं हे काम. खेळाडू उजव्या हाताचा, उंची ५ फूट ६ इंच, खेळायला लागून दीड वर्ष झालेलं, १८ होलचा स्कोअर ११० च्या आगेमागे. हातातला ड्रायव्हर दहा-बारा वर्षांपूर्वीचा: ९.५ अंश लॉफ्ट (फेस, म्हणजे चेंडूला लागणारा पृष्ठभाग, मागे कलल्याचा कोन), स्टिफ म्हणजे कडक शाफ्ट (दांडा), ४५.७५ इंच लांबी. मागणी एकच, २० यार्ड जास्त. बजेट मोजणी, दुरुस्ती सगळं धरून ४०,००० रुपये. खाली जिथे कॅरी म्हटलंय तिथे चेंडू हवेतून जाऊन पहिल्यांदा टेकतो तिथपर्यंतचं अंतर. पुढे घरंगळतो तो रोल वेगळा.

५ ऑक्टोबर २०२४. जुन्या क्लबची मोजणी

रेंजवर (सरावाच्या मैदानावर) लाँच मॉनिटर (फटक्याचे आकडे मोजणारं यंत्र) लावून सुरुवात. वेगाचे आकडे ताशी मैलात: स्विंग ८६, चेंडू ११६. म्हणजे स्मॅश फॅक्टर (चेंडूचा वेग भागिले स्विंगचा वेग) १.३५. मधोमध बसलेल्या फटक्याला हा आकडा १.४८ ते १.५० पर्यंत जातो, म्हणजे ताकद आहे पण ती चेंडूत उतरत नाही. लाँच अँगल (चेंडू वर निघण्याचा कोन) ९.३ अंश, स्पिन (मिनिटाला फेरे) ३,६००, कॅरी सरासरी १५८ यार्ड. बहुतेक फटके उजवीकडे वळणारे, चांगले ताणलेले स्लाइस.

आकडे लिहून घेतले आणि दुपारी बाजूला ठेवले. कारणं दोन. एक, रेंजचे चेंडू. घासून गुळगुळीत झालेले, त्यात दोन-तीन कंपन्यांची सरमिसळ. असे चेंडू नव्यापेक्षा कमी जातात आणि किती कमी ते प्रत्येक चेंडूचं वेगळं. दुसरं कारण जास्त गंभीर: मॅटमधली रबरी टी (चेंडू ठेवायची खुंटी). तिची उंची ठरलेली, आणि ती आयर्नवाल्यांना (छोट्या हेडचे क्लब मारणाऱ्यांना) सोयीची. ड्रायव्हरचं ४६० घन सेंटीमीटरचं हेड (क्लबचं डोकं) तिच्यासमोर ठेवलं की चेंडूचा माथा क्राउनच्या (हेडच्या वरच्या पृष्ठभागाच्या) खालीच राहतो. खेळाडूला मग वरून खाली मारण्यावाचून गत्यंतर नाही. अॅटॅक अँगल (क्लब चेंडूवर येण्याचा कोन, उणे म्हणजे वरून खाली) उणे ३ आला तो त्याचा स्वभाव की टीचा दोष, हे या आकड्यांवरून सांगता येत नाही.

फेसवर चेंडू कुठे लागतो हे बघायला व्हाइटबोर्ड मार्करने चेंडूच्या मागच्या बाजूला रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान, भरीव ठिपका काढायचा आणि तो ठिपका फेसकडे करून टीवर ठेवायचा. फटका बसला की फेसवर छाप उठतो. दर फटक्यानंतर फोटो, मग ओल्या फडक्याने पुसायचं. पायाला मारायच्या पावडरीचा स्प्रेही चालतो, छाप जास्त स्पष्ट येतो, पण फेसवर थर साचला की स्पिनचे आकडे बिघडतात. मार्कर बरा.

छाप सगळे खाली आणि हीलच्या (फेसच्या शाफ्टकडच्या) बाजूला. दोन्ही गोष्टी अंतर खाणाऱ्या. फेसच्या खालच्या भागात लागलेला चेंडू कमी कोनात निघतो आणि जास्त फिरतो. हीलला लागलेला चेंडू उजवीकडे वळणारा स्पिन घेऊन जातो. खेळाडूची समजूत होती की फेस जुना झालाय, 'मेला'य. फेसला काही झालेलं नाही.

९ ऑक्टोबर. टी आणि चेंडू बदलून पुन्हा

एकाच मॉडेलचे डझनभर नवे चेंडू आणले, २,४०० रुपये. खर्च जास्त वाटतो, पण पुढची प्रत्येक तुलना यांच्यावरच होणार. दुसऱ्या रेंजवर गवतावरची जागा मिळाली, तिथे ३.२५ इंची लाकडी टी. नियम सोपा: क्लब जमिनीला टेकवल्यावर चेंडूचा अर्धा भाग क्राउनच्या वर दिसला पाहिजे. चेंडू डाव्या टाचेच्या रेषेत, उजवा खांदा डाव्यापेक्षा जरा खाली. एवढंच सांगितलं, स्विंगला हात लावला नाही.

तोच जुना क्लब: स्विंग ८६, चेंडू ११८, लाँच ११.५, स्पिन ३,२००, कॅरी १७२. अॅटॅक उणे १. छाप हीललाच, पण उंचीला मध्यावर आले.

चौदा यार्ड इथेच मिळाले. यातले किती टीचे आणि किती चेंडूंचे हे वेगळं काढलं नाही, कारण पुढच्या कामाला त्याचा उपयोग नाही. पुढे सगळी तुलना १७२ शी. कोणी १५८ शी तुलना करून नवा ड्रायव्हर ३० यार्ड देतो असं सांगत असेल तर टी कोणती होती ते आधी विचारा.

मोजणी कशी करायची ते इथेच ठरवून टाकलं: प्रत्येक क्लबला १० फटके, त्यातले सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड असे दोन वगळायचे, उरलेल्या ८ ची सरासरी. दर तीन-चार फटक्यांनी क्लब बदलायचा, म्हणजे थकव्याचा फटका एकाच क्लबला बसत नाही. दुकानातल्या बेमध्ये (चेंडू मारून बघायच्या जागेत) उलट होतं. जुना क्लब आधी, अंग गार असताना. नवा नंतर, अंग मोकळं झाल्यावर. नवा जिंकणारच.

मॉनिटरची आणखी एक सेटिंग तपासा. काही यंत्रं आकडे समुद्रसपाटीला आणून दाखवतात, काही जागेवरच्या हवेचे दाखवतात. पुणे साधारण ५६० मीटरवर आहे. इथे चेंडू मुंबईपेक्षा सुमारे २ टक्के जास्त जातो, म्हणजे १७५ ला तीन-साडेतीन यार्ड. मुंबईच्या बेमधला आकडा आणि पुण्याच्या रेंजवरचा आकडा शेजारी ठेवून क्लब निवडला तर त्या फरकाचेच पैसे मोजले जातील. आमच्या सगळ्या नोंदी समुद्रसपाटीच्या सेटिंगवर.

१२ ऑक्टोबर. दसरा, आणि न केलेली खरेदी

दसऱ्याला घ्यायचाच असा खेळाडूचा हट्ट. एका दुकानात मागच्या वर्षीचं लो-स्पिन मॉडेल सवलतीत, ९ अंश, स्टिफ, ३४,००० ला. टूरवरचे (व्यावसायिक) खेळाडू हेच वापरतात हे सांगायला दुकानदार विसरला नाही.

मारून बघितलं. सर्वांत लांब गेलेला चेंडू १९०. दुकानात सगळ्यांच्या लक्षात तोच राहिला. सरासरी १६४, म्हणजे जुन्या क्लबपेक्षा ८ यार्ड कमी. स्पिन २,५००, लाँच ९.

लो-स्पिन हेडमध्ये वजन फेसजवळ पुढे आणलेलं असतं. त्याने स्पिन उतरतो, आणि त्याबरोबर मधल्या बिंदूपासून चुकलेल्या फटक्याची माफीही उतरते. स्विंग ११३-११५ असलेल्या माणसाचा चेंडू मुळात एवढ्या वेगाने निघतो की जास्त स्पिनने तो फुगतो, वर चढून जागीच पडतो. त्याला स्पिन कमी करायला फायदा आहे. ११८ च्या वेगाने निघालेल्या चेंडूला हवेत टिकायला स्पिनही लागतो आणि उंचीही लागते. दोन्ही नसतील तर तो अर्ध्या वाटेतच बसतो. इथेच घोडं पेंड खातं: जाहिरात वेगवान स्विंगची, आणि खिसा नवशिक्याचा.

खरेदी केली नाही. मुहूर्ताला म्हणून हातमोजा घेतला.

१९ ऑक्टोबर. लॉफ्ट

एकाच मॉडेलची तीन हेड, तोच शाफ्ट, तीच लांबी, त्याच टी. शाफ्ट मुद्दाम जुन्यासारखाच स्टिफ ठेवला, म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलेल.

९ अंश: लाँच ११.२, स्पिन ३,०००, कॅरी १७२
१०.५ अंश: लाँच १२.८, स्पिन ३,०००, कॅरी १७५
१२ अंश: लाँच १४.५, स्पिन ३,१००, कॅरी १७७

पहिली ओळ दोनदा वाचण्यासारखी आहे. २०२४ चं हेड आणि दहा वर्षांपूर्वीचं हेड, लॉफ्ट जवळपास तोच, कॅरी तीच. फेस किती 'उसळी' देऊ शकतो यावर नियमाची मर्यादा आहे, आणि चांगल्या कंपन्यांची हेड त्या मर्यादेच्या जवळ पोचून बराच काळ झालाय. ४६० घन सेंटीमीटरची आकाराची मर्यादाही २००४ पासूनची. मधोमध लागलेल्या चेंडूला नवं हेड जादू करत नाही. सुधारणा झालीय ती चुकलेल्या फटक्यात.

१२ अंशाने आणखी एक झालं जे कॅरीत दिसत नाही: चेंडू उजवीकडे कमी गेला. जास्त लॉफ्टच्या क्लबवर मागे फिरणारा स्पिन वाढतो आणि बाजूला वळवणारा भाग त्याच्या तुलनेत घटतो. स्लाइसवाल्याला हे फुकटात मिळतं. तरी 'बायकांचा लॉफ्ट' म्हणून १२ अंश नाकारणारे पुरुष खेळाडू रेंजवर रोज दिसतात. ज्यांचा स्विंग ७० ते ७५ आहे, मग ते पुरुष असोत की स्त्रिया, त्यांनी तर १२ च्या खाली बघूच नये, १३.५ मिळाला तर उत्तम.

फिरणाऱ्या स्लीव्हविषयी (हेड आणि शाफ्ट जोडणारी नळी), कारण यात गोंधळ फार. १०.५ चं हेड स्लीव्ह फिरवून १२ करता येतं असं छापलेलं असतं. प्रत्यक्षात स्लीव्ह शाफ्टचा कोन बदलते. क्लब जमिनीवर सहज टेकवला तर लॉफ्ट जवळपास तोच राहतो आणि फेस डावीकडे बंद झालेला दिसतो. तो फेस हाताने सरळ केला की मग लॉफ्ट वाढतो. म्हणजे स्लीव्ह वर नेण्याचा परिणाम खेळाडू क्लब कसा धरतो त्यावर. आमच्या खेळाडूला बंद फेस डोळ्यांना खुपत होता, तो दर वेळी तो उघडत होता, आणि उघडताना चार अंश जास्तच. म्हणून ठरवलं: १०.५ वर स्लीव्हचे खेळ करायचे नाहीत, मुळातच १२ अंशाचं हेड शोधायचं.

२४ ऑक्टोबर. लांबी

या कामातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. दुकानातले ड्रायव्हर ४५.५ ते ४५.७५ इंचांचे येतात, कारण लांब क्लबने बेमधला स्विंग स्पीड वाढलेला दिसतो. टूरवरचे बरेच खेळाडू मात्र ४५ किंवा त्याहून कमी वापरतात. ५ फूट ६ इंचाच्या नवशिक्याच्या हातात ४५.७५ दिला की तो चेंडूपासून लांब उभा राहतो, मनगटं लवकर सुटतात, आणि छाप हीलपासून टोपर्यंत (फेसच्या दुसऱ्या टोकापर्यंत) कुठेही पडतात.

कापण्याआधी कापल्यासारखं करून बघायचं. ग्रिपच्या वरच्या टोकापासून पाऊण इंचावर इलेक्ट्रिकल टेपचं कडं घातलं आणि डाव्या हाताची करंगळी त्याच्या खाली ठेवायला सांगितली. नंतर सव्वा इंचावर.

४५.७५: स्विंग ८६, स्मॅश १.३७, कॅरी १७७
४५ चं नाटक: स्विंग ८५, स्मॅश १.४३, कॅरी १८४
४४.५ चं नाटक: स्विंग ८४, स्मॅश १.४३, कॅरी १८१

एक मैल गेला, त्या बदल्यात चेंडूचा वेग ११८ चा १२१ च्या वर गेला. फोटो एकावर एक ठेवले तर पहिल्या लांबीचे छाप तळहाताएवढ्या भागात पसरलेले, दुसऱ्याचे काड्यापेटीएवढ्या. ४४.५ ला स्मॅश आणखी वाढला नाही, नुसता वेग गेला. ४५ पक्कं.

७ नोव्हेंबर. शाफ्ट

दिवाळीत रेंज बंद, मग मोजणीच्या बेला तारीख मिळेना. दोन आठवडे इथे गेले.

फ्लेक्सच्या (शाफ्ट किती वाकतो त्याच्या) अक्षरांवर विश्वास ठेवू नका. रेग्युलर, स्टिफ, सीनियर ही अक्षरं प्रत्येक कंपनी आपापल्या मापाने लावते. एकाचा रेग्युलर दुसऱ्याच्या स्टिफइतका कडक असू शकतो. वजन मात्र ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं आणि ते तपासता येतं. ६५ ग्रॅम स्टिफ, ५० ग्रॅम रेग्युलर, ४० ग्रॅम सीनियर असे तीन ४५ इंचांवर लावले.

५० ग्रॅम रेग्युलरला स्मॅश १.४४, कॅरी १८६. ४० ग्रॅमला स्विंग ८७ पर्यंत गेला, पण छाप पुन्हा विखुरले. चांगला फटका चांगला, पुढचा डावीकडे झुडपात. ६५ ग्रॅमने शेवटच्या फटक्यांना खेळाडू दमलेला स्पष्ट दिसत होता. ५० ग्रॅम रेग्युलर. फरक दोन यार्डांचा आहे, तेव्हा शाफ्टसाठी वेगळे १५-२० हजार घालण्यात अर्थ नाही. हेडबरोबर जो रेग्युलर येतो तो घ्यायचा.

१५ नोव्हेंबर. हेड ठरलं

आता यादी आपोआप आखूड झाली: १२ अंश, जास्तीत जास्त माफी, रेग्युलर ५० ग्रॅमच्या आसपास. टेलरमेड क्यूआय१० मॅक्स, कॅलवे एआय स्मोक मॅक्स, पिंग जी४२५ मॅक्स. पहिली दोन २०२४ ची, तिसरं २०२१ चं.

'दहा हजार एमओआय' या जाहिरातीबद्दल. चुकलेल्या फटक्यावर हेड किती कमी वळतं याचं हे माप. नियमाची मर्यादा ५,९००, वर १०० ची सूट. मग दहा हजार कुठून? उभ्या आणि आडव्या अशा दोन अक्षांचे आकडे एकत्र करून. मर्यादा फक्त उभ्या अक्षाला आहे. जाहिरात खोटी नाही, फक्त बेरीज आहे. जुन्या मॉडेलच्या एका अक्षाच्या आकड्याशी तिची तुलना करू नका.

तिन्ही ४५ इंच धरून मारले. सरासऱ्यांमधला फरक दोन यार्डांच्या आत, आणि तेवढा फरक एकाच क्लबच्या दोन दिवसांतही पडतो. नव्यांची किंमत तेव्हा ५० हजारांच्या पुढे. जी४२५ मॅक्स वापरलेला २० हजारांच्या खाली मिळत होता. मागचं २६ ग्रॅमचं वजन ड्रॉच्या (चेंडू डावीकडे वळायला मदत करणाऱ्या) खाचेत सरकवता येतं, म्हणजे हीलकडे. स्लाइसला तेवढाच आधार. जी४२५ मॅक्स.

परदेशातून मागवण्याचा पर्यायही तपासला, कारण अमेरिकेत किंवा दुबईत कोणी ना कोणी असतंच. २०२४ मध्ये प्रवाशाला ५०,००० पर्यंतच्या सामानावर कस्टम ड्यूटी नव्हती, त्यामुळे एका क्लबला अडचण येत नव्हती. पण क्लब केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. चेक-इनला द्यायचा तर हेड स्क्रूने सोडवून कपड्यांत गुंडाळा आणि शाफ्ट कडक नळीत घाला. जोडलेला क्लब मऊ बॅगेत टाकला की हॉझेलपाशी (शाफ्ट हेडमध्ये शिरतो तिथे) शाफ्ट तुटतो. शिवाय बिघाड झाला तर वॉरंटीसाठी पुन्हा तिकडेच. येणारा माणूस जानेवारीत येणार होता, थांबलो नाही.

२३ नोव्हेंबर. वापरलेला क्लब तपासताना

पहिला कुरिअरने आला आणि परत गेला. फोटोंत क्राउन वरून दाखवलेला, फेसच्या कडेला केसाएवढी भेग होती ती नाही. हेड कानापाशी हलवलं तर आत खुळखुळ. सुटलेला गोंदाचा तुकडा असेल तर ते चालवून घेता येतं, भेग नाही. परतीचे ७०० गेले.

दुसरा समोरासमोर बघून घेतला, १९,५०० ला. बघण्याचा क्रम:

फेसवर स्टीलची पट्टी उभी-आडवी ठेवून उजेडाकडे धरायची. ड्रायव्हरचा फेस किंचित फुगीर असतो, पट्टीच्या दोन्ही टोकांना फट दिसली पाहिजे. मध्येच फट दिसली तर फेस आत बसलाय. मग क्राउन आणि फेसच्या सांध्यावरून नख फिरवायचं. भेग डोळ्यांआधी नखाला लागते.

स्क्रू सोडून हेड काढायचं. विकणारा नको म्हणाला तर व्यवहार तिथेच थांबवा. स्लीव्हचे दाते झिजलेले नकोत, हॉझेलच्या आत गंज नको. नकली माल बाजारात भरपूर आहे: रंग भरताना अक्षरांच्या कडा फुटलेल्या, सिरियल नंबर नाही किंवा स्टिकरवर, वजन सरकवायची खाच नुसती छापलेली. २०२१ च्या मॉडेलची नकलही २०२१ पासूनच येते, जुनं म्हणजे अस्सल असं नाही.

लांबी मोजायची. आधीच्या मालकाने शाफ्ट कापला असेल तर तो सांगतोच असं नाही. हा ४५.७५ भरला. रेंच नव्हता, तो वेगळा घेतला, १,४००. बहुतेक कंपन्यांचे स्क्रू टी-२५ मापाचे, पण साधा पाना वापरू नका. ड्रायव्हरचा रेंच ४० इंच-पाउंडला 'टक्' करून निसटतो. हाताच्या जोरावर आवळलं तर आटे जातात, सैल राहिला तर तिसऱ्या होलवर टिकटिक सुरू.

२४ नोव्हेंबर. कापणं

लांबी मोजायची रीत: क्लब खेळताना जसा टेकतो तसा जमिनीवर ठेवायचा, टेप शाफ्टच्या मागून लावून जमिनीपासून ग्रिपच्या टोपीच्या कडेपर्यंत. ग्रिपची टोपी स्वतः अष्टमांश इंच भरते. जुन्या ग्रिपसकट मोजलं आणि नवीही तशीच बसवणार, तेव्हा शाफ्ट थेट पाऊण इंच कापायचा. उघड्या शाफ्टवर ४५ मोजून कापणाऱ्यांचा क्लब ४५ आणि अष्टमांश होतो.

कापायचं फक्त ग्रिपच्या टोकाला. हेडच्या बाजूने कापलं तर शाफ्ट कडक होतो, आणि तिथे स्लीव्ह चिकटवलेली आहे.

जुनी ग्रिप आकडीच्या पात्याने, पात्याची धार शाफ्टपासून बाहेरच्या दिशेने ठेवून. सरळ कटरने चिरली तर ग्रॅफाइटचे धागे कापले जातात आणि शाफ्ट पुढे कधीतरी त्याच जागी मोडतो. खुणेवर मास्किंग टेपचे दोन वेढे, बारीक दात्यांची हॅकसॉ, ३२ दाती पातं, शाफ्ट फिरवत फिरवत. पाइप कटर नको, तो ग्रॅफाइट चेंगरतो. मास्क घाला, शाफ्ट ओल्या फडक्यात धरा. ती काळी धूळ फुप्फुसात जाण्यासारखी नाही.

दुहेरी टेप एक थर, शाफ्टच्या तोंडावर अर्धा इंच जास्त ठेवून आत दुमडलेला. रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन ग्रिपमध्ये ओतायचं, दोन्ही भोकं बंद करून हलवायचं, तेच टेपवर सांडायचं, आणि ग्रिप एका दमात सरकवायची. पहिली ग्रिप निम्म्यावर अडकली. टर्पेंटाइन कमी पडलं होतं. अशा वेळी ओढाताण न करता सुईने कडेतून आणखी सोडलं तर सुटते, आमची सुटली. रात्रभर वाळू द्या. पावसाळ्यात २४ तास.

पाऊण इंच कापल्याने स्विंगवेट (फिरवताना हेड किती जड लागतं त्याचं माप, सी९ नंतर डी० येतो) साधारण साडेचार पॉइंट उतरतं, डी३ चं सी८-सी९. हेड हलकं लागतं आणि खेळाडू घाई करतो. हेडमध्ये दोन ग्रॅम म्हणजे एक पॉइंट. सगळं भरून काढायची गरज नाही. अर्धा इंच रुंद शिशाची टेप चार इंच लांब कापली की सुमारे दोन ग्रॅम, असे तीन तुकडे सोलवर (हेडच्या तळावर), मागे, हीलच्या बाजूला. ६ ग्रॅमला डी१ च्या आसपास आलं. टेप फेसवर लावता येत नाही, आणि फेरी सुरू असताना लावणं-काढणं नियमात बसत नाही. स्लीव्हही फेरीच्या मध्ये फिरवायची नाही.

७ डिसेंबर. तयार क्लबची मोजणी

तेच चेंडू, तीच टी, गवतावर. स्विंग ८५, चेंडू १२३, स्मॅश १.४५, लाँच १४.८, स्पिन २,८००, कॅरी १८८.

१७२ वरून १६ यार्ड. मागणी २० ची होती. पण मागणी झाली तेव्हा खेळाडू रबरी टीवर १५८ मारत होता, त्यामुळे त्याची तक्रार नाही. हिशोब असा: टी आणि चेंडू १४, लॉफ्ट ५, लांबी ७, शाफ्ट २, हेड आणि वजनाची जागा २. पैसे मात्र सर्वांत जास्त हेडवर गेले.

खर्च: मोजणीच्या बे ६,२००, चेंडू २,४००, क्लब १९,५००, रेंच १,४००, ग्रिप ८५०, टेप आणि टर्पेंटाइन २५०, शिशाची टेप ४५०, परतीचं कुरिअर ७००. एकूण ३१,७५०. दसऱ्याचा हातमोजा खेळाडूच्या खात्यावर.

२१ डिसेंबर. मैदानावर

लेझर रेंजफाइंडरने टीपासून चेंडूपर्यंत, रोलसकट. सपाट होलवर सरासरी २०३. ऑक्टोबरमध्ये फेअरवे (टी आणि होलमधली कापलेल्या गवताची पट्टी) ओले असताना रोल जवळजवळ शून्य होता, आता रोल आणि पुण्याची हवा मिळून १५ यार्ड मिळतात. हे यार्ड क्लबच्या खात्यावर लिहू नयेत. कॅडीने (बॅग उचलणाऱ्या मदतनीसाने) पहिल्याच टीवर "साहेब, टी वर घ्या" म्हणून टोकलं. घाईत खेळाडू जुन्या आखूड टी घेऊन आला होता. आता बॅगेत फक्त ३.२५ इंची ठेवल्यात.

स्लाइस आहे, कमी झालाय. पूर्वी ३०-३५ यार्ड उजवीकडे जायचा, आता १५ च्या आसपास. स्विंगचा मार्ग बाहेरून आत येतो तोवर तो राहणारच, वजन आणखी हीलकडे नेऊन तो जाणार नाही. उरलेल्या ८,२५० मधून प्रोकडे शिकवणी लावायचं खेळाडूने ठरवलंय.

स्क्रू या फेरीनंतर पाव फेरा सैल सापडला. नवा बसवलेला स्क्रू पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर रेंचने तपासावाच.

एप्रिलमध्ये फेअरवे कडक झाले की स्लीव्ह एक अंश खाली नेऊन पुन्हा मोजणार. कोरड्या जमिनीवर चेंडू जरा कमी उंचीने उतरला तर रोल वाढतो, आणि कॅरीतले दोन-तीन यार्ड गेले तरी एकूण अंतर जास्त भरू शकतं. जूनमध्ये परत १२ वर.